बटणांच्या जुन्या फोनचा आवाज बारीक का येतो?

जुन्या फोनवरून नीट ऐकू येईनासं झालं की घरात दोनच मतं पडतात. एक, ‘द्या भंगारात’. दुसरं, ‘आजोबांनाच कमी ऐकू येतं’. दोन्ही मतं फोन न उघडताच दिलेली असतात. आजोबांच्या कानांवर शिक्का मारण्याआधी फोनची दहा मिनिटं तपासणी करायला काय हरकत आहे? दहावीचा विद्युतधारेच्या परिणामांचा पाठ झालेल्या मुलांना तर ती सहज जमते.

उदाहरणासाठी अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा २५०० क्रमांकाचा टेबलफोन घेऊ. अमेरिकेत बटणांचे फोन ग्राहकांना १९६३ मध्ये मिळू लागले, तेव्हा त्यांना दहाच बटणं होती. चांदणी आणि चौकट असलेला बारा बटणांचा हा २५०० आला १९६८ मध्ये. शिकवायला हा फोन फार सोयीचा, कारण त्याचा प्रत्येक भाग सुटा करून हातात घेता येतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या फोनमध्येही माइक आणि रिसीव्हर याच तत्त्वावर चालायचे.

पहिला प्रश्न मुलांनाच विचारा: आवाज कमी नक्की कुणाला येतोय? आपल्याला समोरच्याचा, की समोरच्याला आपला? पुष्कळदा इथेच अर्धं काम होतं. फोन उचला आणि डायल टोन ऐका. मग माइकमध्ये हलकेच फुंकर मारा. आपलीच फुंकर आपल्या कानात ऐकू यायला हवी. फोनमध्ये तशी मुद्दाम सोय केलेली असते. डायल टोन खणखणीत पण फुंकर ऐकू येत नाही, तर संशय माइकवर. डायल टोनच बारीक असेल तर रिसीव्हर, बटणांची पट्टी किंवा लाइन.

आता माइक. एका डबीत कार्बनचे बारीक दाणे असतात आणि त्यांच्यातून लाइनची विद्युतधारा जाते. आपण बोललो की पडदा हलतो, दाणे कमीजास्त दाबले जातात, त्यांचा रोध बदलतो आणि धारा आवाजाप्रमाणे वरखाली होते. म्हणजे आपला आवाज वीज तयार करत नाही, तो एक्सचेंजच्या बॅटरीची वीज फक्त नाचवतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फोनमध्ये हे दाणे पावसाळ्यातल्या मिठासारखे एकमेकांना धरून बसतात. मग पडदा हलला तरी रोध फारसा बदलत नाही. उपाय अगदी घरगुती. हँडसेट आडवा धरून तळहातावर चार-पाच वेळा आपटायचा, थोडा फिरवायचा, पुन्हा आपटायचा. जोरात नको. खात्री करायची तर तोंडाकडचं झाकण फिरवून काढा. डबी तशीच हातात येते, सोल्डरिंग लागत नाही. मल्टिमीटर रोधावर ठेवून तिच्या दोन संपर्कांना लावा आणि डबी हलवा. आकडा लगेच वरखाली झाला पाहिजे. वर्गात हे जरूर करून दाखवा, रोध ‘दिसतो’ म्हणजे काय ते मुलांना तिथे कळतं. डबी काढलीच आहे तर खालच्या दोन स्प्रिंगपट्ट्याही कोरड्या कापडाने पुसून घ्या.

उघडण्यापूर्वी फोन लाइनवरून काढायचाच, हे मात्र मुलांना दोनदा सांगा. नुसत्या लाइनवर सुमारे ४८ व्होल्ट असतात, पण घंटी वाजते तेव्हा ७५ ते ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब येतो आणि चांगला झटका बसतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. तक्रार आवाजाची आणि दोष बटणांच्या पट्टीत! कुठलंही बटण दाबलं की दोन वारंवारितांचा सूर लाइनवर जातो. ५ दाबला तर ७७० आणि १३३६ हर्ट्झ. त्या वेळी खोलीतला गोंगाट सुरात मिसळू नये म्हणून माइक तोडला जातो, आणि सूर कानात बसू नये म्हणून रिसीव्हरचा आवाज कमी केला जातो. हे काम सगळ्या बटणांना मिळून असलेला एक स्विच करतो. बटण सोडलं की त्याने मूळ जागी यायचं. त्याच्या संपर्कांवर काजळी बसली किंवा तो अर्धवट परतला, की फोनला वाटतं बटण अजून दाबलेलंच आहे. आवाज बारीकच राहतो. म्हणून एखादं बटण दहा-पंधरा वेळा दाबून सोडा. आवाज मध्येच मोठा झाला तर चोर सापडला. संपर्कांमध्ये जाड कोऱ्या कागदाची पट्टी घालून हळूच ओढली की मळ निघतो. पॉलिश पेपर अजिबात वापरू नका, संपर्कांवरचा पातळ मुलामा निघून जातो.

रिसीव्हरमध्ये चुंबक, वेटोळं आणि पडदा. त्याच्या दोन तारा सोडवून दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा, स्पष्ट ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. टक् मेलेलं असेल तर पडद्याजवळ लोखंडाचा कीस चिकटलाय का पाहा. गुंडाळीची वायर वाकवताना आवाज येत-जात असेल तर मात्र वायरच बदला.

हे सगळं ठीक असेल तर लाइनकडे वळा. त्याच लाइनवर दुसरा फोन उचललेला असेल तर धारा वाटली जाते आणि कार्बनचा माइक उपाशी राहतो. हाच फोन दुसऱ्या घरी लावून बघणं ही सगळ्यात स्वस्त परीक्षा. आणि दाणे आपटूनही सुटले नाहीत तर डबी फोडत बसू नका. त्याच जातीच्या दुसऱ्या मोडक्या हँडसेटमधली डबी काढून बसवा, झाकण हातानेच घट्ट करा आणि पुन्हा एकदा फुंकर मारून ऐका.