मिरचीचा बोकड्या आणि साबणाचा थेंब

मिरचीच्या झाडाची शेंड्याकडची पाने आकसून वेडीवाकडी झालेली तुम्ही पाहिली असतील. शेतकरी याला ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’ म्हणतात. झाड खुरटते, फुले गळतात आणि हाती येणारे पीक घटते. नाव एक असले, तरी गुन्हेगार तीन आहेत. पानाच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे. पान उपड्या होडीसारखे खाली वळले आणि देठ लांबले तर पिवळा कोळी. आणि तिसरा, पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू. गुन्हेगार ओळखल्याशिवाय औषध मारणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय.

आज आपण पिवळ्या कोळ्याची ओळख करून घेऊ. शास्त्रज्ञ त्याला पॉलिफॅगोटार्सोनेमस लाटस म्हणतात. त्याची लांबी सुमारे ०.२ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या पट्टीवरच्या मिलिमीटरच्या दोन रेघांमध्ये असे पाच कोळी एकापुढे एक मावतील! हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, याला वाढ पूर्ण झाल्यावर आठ. तो गोचीड आणि विंचू यांचा नातेवाईक. कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला बसून तो रस शोषतो. उबदार, दमट हवेत आठवडाभरात त्याची नवी पिढी तयार होते.

कीटक नसल्यामुळे अनेक कीटकनाशकांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. उलट त्याला खाणारे भक्षक कोळी आणि मित्रकीटक मात्र मरतात, आणि मग शत्रूला रान मोकळे मिळते. म्हणून आधी सौम्य उपाय करावा.

प्रादुर्भाव थोडा असताना ५ टक्के निंबोळी अर्क वापरतात. १० लिटर फवाऱ्यासाठी ५०० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून घ्याव्यात, त्यात २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून पाणी १० लिटर करावे. अर्कातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य उन्हातील अतिनील किरणांनी लवकर नाश पावते. म्हणून अर्क ताजाच वापरावा आणि फवारणी संध्याकाळी करावी. कोळी वाढले असतील तर पाण्यात मिसळणारे गंधक अधिक उपयोगी पडते. मात्र कडक उन्हात ते पाने करपवते.

आता प्रश्न पडेल, अर्कात साबण कशासाठी? अळवावरचे पाणी आठवा. पाण्याच्या पृष्ठभागावर ताण असतो. २५ अंश सेल्सिअसला तो सेंटीमीटरमागे सुमारे ७२ डाइन भरतो. या ताणामुळे थेंब गोळा होऊन बसतो आणि पानाच्या मेणचट थरावरून घरंगळतो. साबणाने हा ताण निम्म्याहूनही कमी होतो. थेंब पसरतो आणि पानाच्या वळीत शिरतो. कोळ्याच्या अंगाला औषध लागले पाहिजे, हे लक्षात घेतले म्हणजे या पसरण्याचे महत्त्व कळेल. शिवाय वरून मारलेला थेंब पानाच्या वरच्या बाजूवरच पडणार आणि कोळी तर खाली लपलेला! तेव्हा पंपाचे तोंड खालून वर धरावे. अंडी वाचण्याचा संभव असतो, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारावे.

एक इशारा द्यायला हवा. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असे समजू नका. तंबाखूतील निकोटिन हेही वनस्पतीचेच, पण ते माणसालाही घातक विष आहे. त्याचा काढा करण्याच्या फंदात पडू नका. गंधकाची फवारणी मोठ्या माणसांकडूनच, वेष्टनावरील प्रमाण वाचून करून घ्या.

शाळेच्या बागेत एक प्रयोग करून पाहा. बोकड्या झालेल्या सहा झाडांपैकी दोनांवर साबण घातलेला निंबोळी अर्क, दोनांवर नुसते साबणाचे पाणी आणि दोनांवर साधे पाणी फवारा. फवारणीपूर्वी आणि तीन दिवसांनी प्रत्येक झाडाची पाच कोवळी पाने भिंगाखाली धरून खालच्या बाजूचे कोळी मोजा व तक्ता करा. फरक पडला तर तो निंबोळीचा की साबणाचा, याचे उत्तर तुमच्या वहीतच मिळेल.