दिवाळखोरी आणि रक्ताचे नाते

गिरणीचा मालक बदलतो तेव्हा आम्हा कामगारांचा पहिला प्रश्न असतो, की जुन्या मालकाने दिलेला शब्द नवा मालक पाळणार काय? १९५७ साली आपल्या औद्योगिक कायद्यात दुरुस्ती होऊन त्याला थोडेबहुत उत्तर मिळाले : नोकरी सलग धरा, अटी कमी करू नका, नाहीतर भरपाई द्या. २०२५ साली अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्याच मालाविषयी उभा राहिला. तो माल म्हणजे माणसाची आनुवंशिक माहिती. (मी शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस, जीवशास्त्र वाचनालयात बसून शिकलो. जाणकारांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.)

कॅलिफोर्नियात २००६ साली ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही कंपनी निघाली. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, त्यावरून हे नाव. गिऱ्हाइकाने नळीत थुंकून ती टपालाने धाडावयाची. कंपनी त्या लाळेतील डीएनए तपासून सांगणार, की तुमचे पूर्वज कुठले, कोणत्या आजाराचा संभव अधिक आणि तुमचे अज्ञात नातलग कोण. सुमारे दीड कोटी लोकांनी लाळ दिली, आणि तीही पदरचे पैसे मोजून!

पण अशी चाचणी माणूस जन्मात एकदाच करतो. धंदा बसत गेला. त्यातच २०२३ साली चोरी उघडकीस आली. अन्यत्र फुटलेले परवलीचे शब्द वापरून चोरांनी सुमारे १४ हजार खाती उघडली. माहिती मात्र गेली ६९ लाख लोकांची. हे कसे? तर नातलग शोधण्याच्या सोयीमुळे एकाच्या खात्यातून अनेकांची माहिती दिसत होती. सगळ्या प्रकरणाचे मर्म या दोन आकड्यांत आहे. सख्ख्या भावंडांत डीएनएचा सरासरी निम्मा वारसा समाईक असतो, चुलतभावंडांत अष्टमांश. भावाने संमतिपत्रावर सही केली, की बहिणीची निम्मी वही तिला न विचारता उघडली गेली.

मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ही माहिती मत्ता म्हणून लिलावात आली. रुग्णाची गुप्तता राखणारा तिथला कायदा डॉक्टर, इस्पितळे, विमाकंपन्या यांना लागू. या दुकानदाराला नाही. २००८ च्या दुसऱ्या कायद्याने नोकरी आणि आरोग्यविमा यांत आनुवंशिक भेदभावाला बंदी आहे, पण आयुर्विमा त्याबाहेर राहिला. शिवाय कंपनीच्या अटींतच, विक्री झाल्यास माहितीही जाईल, असे लिहिलेले होते. बारीक अक्षरातले करारपत्र आम्ही युनियनवाले तरी भिंग लावून वाचतो. हौसेने नळी मागवणारा कशाला वाचील?

रिजेनेरॉन या औषधकंपनीची बोली होती २५ कोटी ६० लाख डॉलरची. अखेर कंपनीच्या संस्थापकांपैकी अॅन वोजिस्की यांच्या ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख दिले. प्रत्येकाची स्पष्ट संमती घेतल्यावाचून विक्री नको, म्हणून २७ राज्ये आणि राजधानीचा प्रदेश न्यायालयात गेले होते. तरी जूनअखेर न्यायाधीशांनी विक्री मंजूर केली. जुनी गुप्ततेची हमी पाळण्याचे वचन घेणाऱ्या संस्थेने दिले आहे.

दरम्यान सुमारे १९ लाख गिऱ्हाइकांनी आपली माहिती पुसून टाकावयास सांगितले. संमतीने पूर्वीच संशोधनात वापरली गेलेली परत येत नाही. आणि पुसण्याचा अर्ज फक्त खातेदाराला करता येतो. श्रोत्यांपैकी कोणाचा सख्खा पुतण्या तिकडे असेल आणि त्याने हौसेने नळी भरली असेल, तर सुमारे पाव हिश्शाने काका इथे बसल्या-बसल्या त्या लिलावात होते.