गायरान कुणी गिळले?

औद्योगिक क्रांती म्हटली की पाठ्यपुस्तके वाफेच्या इंजिनापासून सुरुवात करतात. इंग्लंडची शेती त्याआधीच बदलली होती, आणि ती बदलताना तेथील गरीब माणूस नागवला गेला, हे मात्र कुणी शिकवीत नाही.

१८ व्या शतकात नॉरफोक परगण्यात गहू, सलगम, बार्ली आणि क्लोव्हरचा चारा अशी चार पिकांची फेरपालट रुळली. जमीन पडीक ठेवण्याची गरज उरली नाही. हिवाळ्यात जनावरांना चारा मिळाला, शेणखत वाढले, उतारा वाढला. ही प्रगती खरीच होती.

पण इंग्लंडच्या खेड्यांतही गायराने होती. तेथे गावचा गरीब गाय चारी, सरपण वेची. जमीनदारांनी पार्लमेंटकडून कायदे करवून ती कुंपणात घातली. १७५० ते १८५० या काळात असे सुमारे ४ हजार कायदे झाले. पार्लमेंटमध्ये जमीनदारच बसलेले. मजुराला मतच नव्हते, तो दाद कुठे मागणार? शेतमजुराला मताधिकार मिळाला १८८४ साली, म्हणजे गायराने गिळून झाल्यावर!

हिवाळ्यात धान्य झोडपणे हे मजुराचे हक्काचे काम. मळणीयंत्राने तेही हिरावले. १८३० साली केंटपासून मजुरांनी यंत्रे फोडायला सुरुवात केली. सरकारने १९ जणांना फाशी दिले, सुमारे ५०० जणांना सातासमुद्रापार हद्दपार केले. त्यांना प्रगतीचे शत्रू म्हणणाऱ्यांनी त्यांच्या चुलीचाही हिशेब मांडावा.

गावातून उठलेल्या या माणसांना गिरणीचे दार तरी उघडे होते. बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात शेतीवरचा फाजील बोजा उद्योगांनी उचलावा, असे मांडले. पण आपल्याकडे गिरणीतही जात आडवी आली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो! जगातल्या कुठल्या भांडवलदाराला असला शोध लागला असेल?

म्हणूनच १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून, जातिधर्माचा भेद न ठेवता गावकऱ्यांना सामुदायिकरीत्या कसायला देण्याची योजना मांडली. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही वर्ग त्यांना उरू द्यायचे नव्हते. संविधानात ती आली नाही. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांसाठी सत्याग्रह करावा लागला. आज मराठवाड्यात गायरान कसणारी कित्येक दलित कुटुंबे सरकारदप्तरी अजून 'अतिक्रमणधारक'च आहेत.