कणा ताठ कसा राहतो?

'कणा' हा शब्द आपण कला शाखेचे विद्यार्थी बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरतो. शेतकरी हा देशाचा कणा, अमक्याला कणाच नाही, अशी वाक्ये वक्तृत्व स्पर्धांत कितीतरी वेळा कानांवर पडतात. पण मणक्यांचा जो खराखुरा कणा आपल्या पाठीत आहे, तो तयार कसा होतो आणि सरळ कसा राहतो, हा प्रश्न आपण शास्त्र शाखेकडे सोपवून मोकळे होतो. मला मात्र घरातील एका कारणाने त्याविषयी वाचावे लागले. जे समजले ते सोप्या शब्दांत मांडते.

गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात पाठीच्या बाजूने डोक्यापासून शेपटाकडे जाणारी एक मऊ दांडी तयार होते. तिला पृष्ठरज्जू म्हणतात. त्या वेळी हाडाचा पत्ताही नसतो. माशाच्या भ्रूणात ही दांडी फार स्पष्ट दिसते. तिच्यातील पेशी द्रवाने टम्म फुगलेल्या असतात आणि बाहेरून चिवट आवरण असते. सायकलच्या ढिल्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती जशी ताठ होते, तशीच ही दांडी आतल्या दाबाने ताठ होते व शरीराला लांबी देते. पुढे तिच्याभोवती मणके तयार होतात आणि माणसात ती जवळजवळ नाहीशी होते. तिचा अंश उरतो तो दोन मणक्यांमधील गादीच्या मऊ गाभ्यात.

मणके मात्र एकदम तयार होत नाहीत. आपल्या शिरोळ तालुक्यातील कोणालाही हे समजावून सांगणे सोपे आहे. ऊस जसा कांडीवर कांडी चढवीत वाढतो, तसे पृष्ठरज्जूच्या दोन्ही बाजूंना ऊतीचे ठोकळे डोक्याकडून शेपटाकडे एकामागून एक तयार होत जातात. त्यांना कायखंड म्हणतात. मानवी गर्भात पाचव्या आठवड्याच्या अखेरीस त्यांच्या सुमारे ४२ ते ४४ जोड्या होतात. हे ठोकळे ठरावीक अंतराने कसे पडतात? १९७६ मध्ये कुक आणि झीमन या दोघा शास्त्रज्ञांनी कल्पना मांडली, की पेशींच्या आत एक घड्याळ असले पाहिजे. त्या वेळी तो केवळ तर्क होता. १९९७ मध्ये फ्रान्समधील ऑलिव्हिए पूर्किए यांच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या भ्रूणात ते घड्याळ दाखवून दिले. एक जनुक दर ९० मिनिटांनी जागे होते व पुन्हा निजते, आणि प्रत्येक फेरीला कायखंडांची एक जोडी पडते. झेब्रामाशात ही फेरी सुमारे अर्ध्या तासाची, माणसात सुमारे ५ तासांची. सापाचे घड्याळ त्याच्या वाढीच्या मानाने फार जलद चालते, म्हणून त्याचे मणके शेकड्यांनी मोजावे लागतात. आपले मात्र ३३. त्यांतले खालचे नऊ पुढे एकमेकांना जोडले जातात.

यात आणखी एक गंमत आहे. एका कायखंडाचा एक मणका होत नाही. एकाचा मागचा अर्धा भाग आणि त्यामागच्याचा पुढचा अर्धा भाग मिळून एक मणका होतो. गवंडी वरच्या थरातील वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर बसवतो, तसलाच हा प्रकार. त्यामुळे स्नायू एका मणक्यावरून दुसऱ्या मणक्यावर पोहोचतात व कणा वाकू शकतो. तसे नसते तर आपल्याला पाठीऐवजी एक खांब मिळाला असता.

पण जो वाकू शकतो तो सरळ कसा राहतो? येथे पुन्हा उसाकडे पाहू. वादळात लोळलेला ऊस काही दिवसांनी शेंड्याकडून वर वळू लागतो, कारण त्याच्या सांध्याची खालची बाजू अधिक वाढते. म्हणजे सरळपणा हा एकदाच मिळालेला गुण नव्हे, ती सतत करावी लागणारी दुरुस्ती आहे. कण्याचेही तसेच असल्याचे अलीकडे दिसून आले आहे.

हे दाखविले आपल्याच देशातील एका चिमुकल्या माशाने. अंगावर निळे पट्टे असलेल्या या झेब्रामाशाचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात केले. त्याची पिले पारदर्शक असल्याने आतला व्यवहार सूक्ष्मदर्शकातून दिसतो. मज्जारज्जूच्या मधोमध एक बारीक नळी असते. तिच्या भिंतीवरील केसांसारखे सूक्ष्म तंतू सतत हलून आतला द्रव खेळता ठेवतात. त्या नळीत एक धागाही ताणलेला असतो. तो राइसनर यांनी १८६० मध्ये पाहिला होता; त्याचे काम काय, हे दीडशे वर्षे कोडेच होते. २०१८ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दाखविले, की हा धागा नसलेल्या पिलांचे शरीर खाली वाकते. धाग्याभोवतीच्या चेतापेशी रासायनिक संदेश सोडतात आणि पाठीचे स्नायू शरीर सरळ करतात. २०१६ मध्ये अमेरिकेत असेही दिसले होते, की वाढीच्या वयात द्रवाचा प्रवाह बिघडला तर माशाचा कणा बाजूला वळतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही याच माशावर काम चालते. झिजलेली गादी पुन्हा भरून येण्यास मदत करणारे एक प्रथिन तेथील संशोधकांनी २०२२-२३ मध्ये जगापुढे आणले. अर्थात माशाचे सगळेच माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

आता ते घरातील कारण सांगते. माझी धाकटी बहीण आठवीत असताना, तिच्या ब्लाउजचे माप घेणाऱ्या मावशींच्या लक्षात आले की एक खांदा वर आहे. क्ष-किरण चित्रात कणा बाजूला वळलेला निघाला. मग नातेवाइकांच्या तोंडी एकच भाषा. ही वाकडी बसते, दप्तर एकाच खांद्याला अडकवते, कळशी नेहमी डाव्याच कडेवर घेते. पोर स्वतःलाच दोष देऊ लागली. आईने तर तिला पाणी आणायला लावल्याबद्दल मनातल्या मनात कुढणे सुरू केले.

वस्तुस्थिती अशी, की दहा ते सोळा या वयात शंभरांपैकी दोन-तीन मुलामुलींच्या कण्याला असा बाक येतो. मोठा बाक मुलींत अधिक आढळतो. तो बसण्याच्या सवयीने येत नाही, दप्तराने येत नाही, कळशीनेही येत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. पूर्ण कारण अजून उलगडलेले नाही. हे वय झपाट्याने उंची वाढण्याचे. वाढ जितकी वेगाने होते, तितका बाकही वाढण्याचा धोका अधिक. म्हणूनच वेळेला महत्त्व आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. पट्टा नसलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. बहिणीचा पट्टा दोन वर्षे चालला. शाळेत तो लपविण्यासाठी ती उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसे, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील. मुलाला पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकायला सांगावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर पालकांना डॉक्टरांकडे पाठवावे. या परीक्षेला खर्च नाही, यंत्र नाही, अर्धा मिनिट पुरतो. आणि बाक दिसलाच तर 'नीट बस' असे त्या मुलाला दरडावू नये. गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यापासून जे काम पेशी, स्नायू आणि चेता मिळून करीत आले, त्यात कोठेतरी अंतर पडले, तर त्याचा जाब आठवीतल्या मुलीला विचारण्यात काय अर्थ?