गळ्यावर पिवळा ठिपका

चिमणी म्हटले की मराठवाड्यातल्या माणसाला माळवदाच्या घरात, तुळईच्या फटीत काड्या कोंबणारी चिमणी आठवते. तिची एक नातेवाईक मात्र घरात येत नाही. ती बांधावरच्या लिंबावर, बाभळीवर राहते. तिचे नाव रानचिमणी किंवा पीतकंठी चिमणी. अंग राखी-तपकिरी, पंखांवर पांढरी पट्टी. नराच्या खांद्यावर तांबूस डाग आणि गळ्यावर लिंबोळीएवढा पिवळा ठिपका. मादीचे रंग फिके.

हा ठिपका भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात आहे. लहानग्या सलीम अलींनी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर तो दिसला. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनाही पक्षी ओळखता येईना. मुलगा तो घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेला आणि पक्ष्यांच्याच जगात राहिला. १९८५च्या आत्मचरित्राच्या नावातली चिमणी हीच.

हिचे सगे सोयरे आहेत आफ्रिकेत. या प्रजातीत चार जाती आहेत. त्यांपैकी तीन आफ्रिकेतल्या. एक तर सहाराच्या दक्षिणेला, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, बाभूळवर्गीय झाडांच्या कोरड्या माळरानात राहते. तिच्याही गळ्यावर पिवळा ठिपका असतो. चौथी आपली, तिचा मुलूख तुर्कस्तानपासून भारतापर्यंत. नांदेड-लातूरचा कोरडा माळ तिला परका वाटत नाही तो यामुळेच.

तिचे खाणे म्हणजे गवताचे बी, सांडलेले धान्य, किडे. नेपतीच्या फुलातला मध पिताना कपाळ परागांनी माखते. हिवाळ्यात ती थव्याने फिरते. खरी अडचण उन्हाळ्यात, विणीच्या वेळी येते. घरटे तिला बहुधा झाडाच्या ढोलीत हवे असते, आणि ढोली कोरणे तिला जमत नाही. तांबटाने, सुताराने सोडलेली किंवा फांदी कुजून झालेली पोकळी ती शोधते.

ढोली जुन्या झाडालाच असते. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, बांध अरुंद झाले, आणि वाळक्या फांदीचे झाड ‘कामाचे नाही’ म्हणून आधी तोडले जाते. त्याच्या जागी लावलेल्या रोपाला ढोली यायला निम्मे आयुष्य जाते. २० मार्चला चिमणी दिनी आपण घरचिमणीसाठी खोकी टांगतो, ते चांगलेच. रानचिमणीसाठी काही टांगायला नको. बांधावरचा एक म्हातारा लिंब, वाळक्या फांदीसकट, तसाच उभा राहू दिला तरी पुरे.