इंजिन नसलेली आगगाडी

मंडळी, संक्रांत आली की सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. आपल्या वळसंगाहूनही लोक जातात. नंदीध्वजांचे दर्शन होते, खरेदी होते. मग पोरे हात ओढतात, "आबा, पाळण्यात बसू या की!" पाळणा वर जातो, खाली येतो. पोटात गोळा उठतो. तरी गंमत वाटते.

या पाळण्याचा एक थोरला भाऊ आहे. त्याचे नाव रोलर कोस्टर. ही रुळावरची छोटी गाडी. ती उंच चढते, धाडकन खाली येते, कधी उलटीही होते. आपल्या महाराष्ट्रात खोपोलीजवळ इमॅजिका नावाची करमणुकीची बाग आहे. ती 2013 साली सुरू झाली. तिथे 'नायट्रो' नावाची अशी गाडी बांधली. तिची उंची सुमारे 40 मीटर, म्हणजे बारा-तेरा मजल्यांइतकी. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. नवल असे की, या गाडीला इंजिन नाही!

मग ती पळते कशी? भरलेली बैलगाडी चढावर नेताना बैलांना फेस येतो. पण उतार लागला की गाडी आपोआप धावते. तिला आवरावेच लागते. इथेही तसेच. विजेच्या मोटारीवर चालणारी साखळी गाडीला पहिल्या टेकाडावर ओढून नेते. तिथे साखळी सुटते. पुढचे सारे काम उताराचे.

उंची म्हणजे जत्रेला नेलेली पैशांची पिशवी समजा. उतारावर उंची खर्च होते आणि वेग मिळतो. पुढच्या चढावर वेग खर्च होतो आणि उंची मिळते. पण दर वेळी थोडा पैसा वाटेत गळतो. चाकांचे घर्षण आणि वारा तो खातात. म्हणून पहिले टेकाड सर्वांत उंच बांधतात. पुढचे कोणतेही टेकाड त्याच्याएवढे उंच ठेवले, तर गाडी मधेच अडकेल.

गाडी उलटी होते तेव्हा माणसे खाली का पडत नाहीत? घरी करून पाहा. बादलीत थोडे पाणी घ्या आणि ती जोराने गोल फिरवा. बादली डोक्यावर उलटी होते, तरी पाणी सांडत नाही. हात सावकाश फिरवला, तर मात्र अंगावर आंघोळ! गाडीलाही पुरेसा वेग लागतो. 1895 साली अमेरिकेत अगदी गोल फेऱ्याचा रूळ बांधला होता. त्यात माणसांच्या मानेला फार हिसके बसत. आता फेरा पाण्याच्या थेंबासारखा ठेवतात. खाली वेग जास्त, म्हणून तिथे वळण मोठे. वर वेग कमी, म्हणून तिथे वळण लहान.

रूळ सोडून गाडी उडू नये म्हणून चाके तीन तऱ्हेची असतात. एक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक खाली. तिघी मिळून रुळाला घट्ट धरतात. खालच्या चाकाची युक्ती जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने 1919 च्या सुमारास काढली. चढावर कट्‌ कट्‌ आवाज होतो, तो दात्यांत पडणाऱ्या खिटीचा. साखळी तुटली, तरी खिटी गाडीला मागे घसरू देत नाही. रुळाचे भागही पाडलेले असतात. एका भागात एकच गाडी. पुढचा भाग मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. आगगाडीच्या सिग्नलसारखाच हा नियम.

बांधून झाल्यावर गाडीत आधी माणसे बसवत नाहीत. माणसांच्या वजनाइतके ओझे भरून ती पुन्हा पुन्हा पळवतात. नंतरही रोज सकाळी रूळ, चाके आणि नटबोल्ट तपासतात. मग दार उघडते.

मंडळी, यंत्र कितीही चांगले असो, राखण करणारा माणूस हवाच. जत्रेतला पाळणा चार दिवसांसाठी उभा करतात आणि पुन्हा सोडतात. म्हणून तिथे अधिक डोळस राहावे. बसण्याआधी दोन मिनिटे उभे राहून पाहा. दांडा नीट बसतो का? पट्टा तुटका नाही ना? चालवणारा प्रत्येकाचा पट्टा हाताने ओढून पाहतो का? तो पाहत नसेल, तर बसू नका. पैसे दिले असले तरी खुशाल उतरा. पदर, ओढणी आणि मोकळे केस आवरून घ्या. ते यंत्रात अडकले तर जिवावर बेतते. पाळणा चालू असता उभे राहू नका. पोराची उंची कमी म्हणून कोणी नको म्हटले, तर हुज्जत घालू नका. मोठ्यांच्या मापाचा दांडा पोराला धरीत नाही.

आता तुम्हांला वाचता येते. पाळण्याजवळ पाटी असेल, तर आधी ती वाचा. मग पोरांना घेऊन बसा आणि खुशाल ओरडा!