दोन नाक्यांमधली वाइन (लेखांक सहावा)

बंगळुरात नव्याने वास्तव्यास आलेल्या मराठी माणसाला, कानडी लिपी अवगत होण्यापूर्वीच, जे काही सरकारी शब्द कानांवर पडताच ओळखीचे वाटू लागतात, त्यांत 'अबकारी इलाखे' हे नाव मला नेहमीच विशेष जिव्हाळ्याचे वाटत आले आहे. कारण आपल्याकडे ज्या खात्याने 'राज्य उत्पादन शुल्क विभाग' असे सोवळे नाव धारण करून आपले पूर्वायुष्य विस्मरणात ढकलले, त्याच खात्याने येथे आपले जुने फारसी नाव, त्यातल्या 'आब' म्हणजे पाण्यासकट, निःसंकोच जपून ठेवले आहे. परदेशी वाइन या शहरात कशी विकली जाते, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने द्राक्षांच्या जातींपेक्षा या अबकारीच्या दप्तराचाच आधी अभ्यास करावा, असे माझे मत झाले आहे.

मागील लेखांकात आपण फ्रान्समधील एका बाटलीला जहाजावर चढवून निरोप दिला होता. ती चेन्नईच्या किंवा न्हावा-शेवाच्या बंदरात उतरते आणि बहुधा कंटेनरमधूनच व्हाइटफील्डच्या अंतर्देशीय आगारात, म्हणजे समुद्राविना असलेल्या बंगळुराच्या बंदरात, दाखल होते. येथे तिची गाठ पडते ती पहिल्या नाक्याशी. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याने आयातदाराला अशी मुभा दिली आहे की, त्याने जकात तात्काळ न भरता माल सरकारी देखरेखीखालील वखारीत ठेवावा आणि जसजसे गिऱ्हाईक मिळेल तसतशा पेट्या जकात भरून सोडवून न्याव्यात; आणि ही मुभा नसती तर हा व्यापार मूठभर धनाढ्यांवाचून कोणी केलाच नसता, इतकी ती जकात जबर आहे. वाइनवर सर्वसाधारण दर 150 टक्के. विमा व भाडे धरून जी बाटली 500 रुपयांना दारात आली, तिच्यावर 750 रुपये जकात चढून ती 1,250 रुपयांची होते, आणि तोवर तिने कर्नाटक सरकारचे तोंडही पाहिलेले नसते. (2021 च्या अर्थसंकल्पात या दीडशेची 50 टक्के मूळ जकात आणि 100 टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर अशी फोड करण्यात आली. पिणाऱ्याला त्यात काडीचा फरक पडला नाही. राज्यांना मात्र पडला, कारण उपकराच्या उत्पन्नात त्यांचा वाटा नसतो.)

ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 रोजी अमलात आल्यापासून तेथील वाइनला काही सवलत मिळाली. पाच डॉलर वा अधिक मोलाच्या बाटलीचा दर प्रथम 100 टक्क्यांवर आला व दहा वर्षांत तो 50 वर यावयाचा आहे. पंधरा डॉलर व त्यावरील बाटलीला आरंभीच 75 आणि अखेरीस 25. पाच डॉलरांखालच्या बाटलीला काहीच नाही. ही पायरी कोणासाठी कोरली आहे, हे नाशिकच्या आणि नंदीच्या पायथ्याच्या द्राक्षबागाईतदारांना वेगळे सांगावयास नको.

आता दुसरा नाका. घटनाकारांनी सातव्या परिशिष्टात सीमेवरची आयात व तीवरील जकात केंद्राच्या सूचीत घातली, आणि मादक पेयांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी व विक्री हे सारे राज्यांच्या सूचीत. त्यामुळे दिल्लीने ज्या मालाला देशात प्रवेश दिला, त्याला बंगळुरात विकण्याची परवानगी मिळालीच असे मुळीच होत नाही. 2007 साली याचा मोठा मासलेवाईक प्रत्यय आला. अमेरिका व युरोप यांनी जागतिक व्यापार संघटनेत फिर्याद गुदरल्यावर केंद्राने परदेशी मद्यावरील अतिरिक्त जकात जुलैमध्ये काढून टाकली, पण त्याच हाताने वाइनची मूळ जकात 100 वरून 150 केली. आणि केंद्राने सोडलेली जागा राज्यांनी आपापल्या करांनी भरून काढण्यास विलंब लावला नाही. महाराष्ट्र त्यात मागे नव्हता. वस्तू व सेवा कराची राजवट आली तेव्हाही पिण्याचे मद्य तिच्याबाहेरच राहिले. राज्यांच्या खजिन्याचा हा झरा कोण सुखासुखी दुसऱ्याच्या ओंजळीत देईल?

कर्नाटकात या दुसऱ्या नाक्याला एकच दरवाजा आहे. 2003 सालापासून मद्याचा घाऊक व्यापार दरोबस्त कर्नाटक राज्य पेय महामंडळाच्या हाती आहे, म्हणजे आयातदाराने कितीही उत्तम माल आणला तरी तो दुकानदाराला थेट विकू शकत नाही. त्याचा माल महामंडळाच्या आगारात जातो, दुकानदार महामंडळाकडे पैसे आगाऊ भरतो आणि मग माल उचलतो. आयातदाराचे विक्रेते दुकानोदुकान व हॉटेलोहॉटेल हिंडतात खरे, पण ते माल विकत नसून आपला माल महामंडळाकडून मागवावा अशी विनवणी करीत असतात. दुकानाचा परवाना 'सीएल-2', क्लबाचा 'सीएल-4', हॉटेलाचा 'सीएल-7', बारचा 'सीएल-9'. हे आकडे या धंद्यातील माणसे गोत्रांसारखे उच्चारतात.

पण खरी अडचण दराची किंवा दरवाजाची नाही, ती वस्तूच्या स्वभावाची आहे. आणि या लेखमालेत मला जर एकच गोष्ट ठासून सांगावयाची असेल तर ती हीच. आपले अबकारी कायदे घडले ते ताडी, मोहाची दारू, अर्क आणि रम यांच्यावर नजर ठेवून. अशा मालाची आजची बाटली व पुढील वर्षीची बाटली यांत फरक असू नये, हीच उत्पादकाचीही इच्छा आणि सरकारचीही. वाइन ही मात्र दरवर्षीच्या पावसाची व उन्हाची नोंद असते. तिची थोरवी विविधतेत, आणि आमचे दप्तर प्रत्येक विविधतेला स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र शुल्क व स्वतंत्र मंजुरी मागते. प्रत्येक लेबल अबकारी खात्यात रुजू करावे लागते, आणि कर्नाटकातील अबकारी वर्ष 1 जुलैला सुरू होऊन 30 जूनला संपत असल्याने उन्हाळा सरता सरता आयातदारांच्या कचेऱ्यांत नूतनीकरणाची धांदल उडते. ज्या मोठ्या कारखान्याच्या हजारो पेट्या खपतात त्याला लेबलाचा खर्च जाणवतही नाही. ज्या लहान बागाइताच्या वीस पेट्या येणार, त्याच्या प्रत्येक बाटलीवर तोच खर्च डोंगराएवढा होऊन बसतो. म्हणून बंगळुराच्या फळीवर परदेशी वाइन पुष्कळ दिसते, पण ती बहुतांशी त्याच त्याच मोठ्या घराण्यांची. शिवाय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 1 एप्रिल 2019 पासून लागू झालेले नियम आहेतच: वैधानिक इशारा, मद्यार्काचे प्रमाण, आयातदाराचे नाव व पत्ता. वखारीतच बाटल्यांवर ही चिठ्ठी डकवतात. पुढे अबकारीची चिकटपट्टी येते. आणि मूळ लेबल या साऱ्या कागदांच्या गर्दीत कोठेतरी बिचारे अंग चोरून उभे असते.

यावर कोणी न्यायालयात दाद मागत नाही काय? मागितली होती, आणि तीही याच शहरातील खोडे डिस्टिलरीजने. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1994 साली दिलेल्या व न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालात असे ठरले की, पेय म्हणून मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणाही नागरिकास नाही. राज्य तो बंद करू शकते, आपल्या एकट्याच्या मक्त्यात घेऊ शकते. अर्थात राज्याने परवाने द्यावयाचे ठरवलेच, तर पात्र माणसांत भेदभाव करता येणार नाही. तेव्हा आयातदाराजवळ आहे ती सनद नव्हे, केवळ परवानगी. आणि परवानगीच्या माणसाने आवाज फारसा चढवू नये, हे त्याला पक्के ठाऊक असते.

मल्लेश्वरातील एका दुकानात काही वर्षांपूर्वी मी अशीच एक इटालियन बाटली खरेदली. दोन नाके, दोन चिठ्ठ्या, इतके सोपस्कार पार करून आलेली ती बाटली दुकानदाराने दर्शनी काचेत, वैशाखाच्या उन्हात, उभी करून ठेवली होती. घरी उघडली तेव्हा तिची चव उकडलेल्या मनुकांची झाली होती. वाचकांनी खरेदीपूर्वी बाटली कोठे ठेवली आहे ते अवश्य पाहावे, आणि सावलीतली मागावी.

पुढील आठवड्यात आपण नाशिकची बाटली घेऊन निपाणीमार्गे कर्नाटकात शिरणार आहोत. तोवर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: कर्नाटक अबकारी कायदा, 1965 याच्या व्याख्येत 'आयात' म्हणजे देशाची सीमाशुल्क-हद्द न ओलांडता राज्यात आणलेला माल. त्या व्याख्येप्रमाणे बोर्दोहून व्हाइटफील्डला उतरलेली वाइन आयात ठरत नाही, नाशिकची ठरते.